बाहुलीला हसू देऊ नका: मोठ्यांसाठीचा राजकीय बाहुलीपट पहिल्यांदा करताना

बाहुल्यांकडून राजकारण्यांची खिल्ली उडवायची म्हटलं की नवशिके आधी बाहुलीलाच गमतीशीर करायला घेतात. वाकडं नाक, चिरका आवाज, उड्या मारत चालणं, वर तोंडी लावायला दोन शिव्या. दहा सेकंद हसू येतं, मग नुसता गोंगाट उरतो. मोठ्यांसाठीचा बाहुलीपट बरोबर उलट्या बाजूने चालतो. बाहुली स्वतःला देशासाठी झिजणारा प्रतिष्ठित माणूस समजते, तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही आणि तिचे पाय मात्र जमिनीच्या दोन बोटं वर तरंगत असतात. हसू त्या फटीतून येतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे, मग ते वजन असो, दोऱ्या असोत, दिवे असोत की आवाज, त्या सगळ्याचा रोख एकच आहे: बाहुलीचा आव शंभर टक्के खरा वाटला पाहिजे.

हा लेख पाच मिनिटांच्या लघुपटासाठी आहे. तीन कळसूत्री बाहुल्या, दोन नेपथ्यं, चार-पाच माणसं. हातमोज्याची बाहुली सोपी असते, तिचं तोंड छान हलतं. ब्रिटनच्या ‘स्पिटिंग इमेज’ने १९८४ ते १९९६ या काळात फोम-लॅटेक्सच्या, आतून हाताने चालवायच्या बाहुल्यांवर अख्खं राजकारण उभं केलं. पण सत्तेच्या विषयाला कळसूत्रीची जोड नैसर्गिक आहे. दोऱ्या दिसतात, आणि दोऱ्या दिसल्या की बोलविता धनी कोण हा प्रश्न न विचारताच पडद्यावर येतो.

आधी एक वाक्य, मग पटकथा

कोणावर हसायचं हे ठरवण्याआधी कशावर हसायचं ते एका वाक्यात लिहा. ‘नेते भ्रष्ट आहेत’ हे वाक्य कामाचं नाही, कारण त्यातून प्रसंग निघत नाही. ‘या मंत्र्याला प्रत्येक आपत्तीत फक्त समारंभ दिसतो’ हे वाक्य चालेल, कारण त्यातून लगेच कृती सुचते: पूल कोसळला आहे आणि मंत्रिमहोदय चौकशी समितीचं उद्घाटन फीत कापून करताहेत. पुढे उदाहरणाला हाच प्रसंग घेऊ.

निशाणा वागण्यावर हवा. माणसाचं वजन, रंग, उच्चारातला दोष यांवर हसणं सगळ्यात स्वस्त असतं आणि सगळ्यात लवकर शिळं होतं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला झोडपा. ज्याच्यावर पूल पडला तो हास्याचा विषय नाही. सगळ्या पक्षांना समान रट्टे देण्याचा हट्टही सोडा. तोल साधायच्या नादात कोणालाच काही न म्हणणारा चित्रपट तयार होतो.

पटकथा चार ते पाच पानांची ठेवा आणि कळसूत्रीला काय जमतं हे लक्षात ठेवून लिहा. बसणं, उभं राहणं, मान वळवणं, हात उंचावणं, हळूहळू कोसळणं हे तिला उत्तम जमतं. वस्तू उचलणं, पायऱ्या चढणं, दारातून जाणं आणि लांब चालणं हे जमत नाही. १९६५ साली सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश मालिकेतली पात्रं सारखी वाहनांत बसलेली दिसतात, त्याचं एक कारण हेच: बाहुलीचं चालणं पटेल असं दाखवणं फार कठीण. पत्रकार परिषद, मंत्रिमंडळाची बैठक, गाडीतला प्रवास, दूरदर्शनवरची चर्चा हे प्रसंग कळसूत्रीसाठीच घडवल्यासारखे आहेत.

विनोदी चित्रपट डोळ्यांपुढे ठेवून पटकथा लिहू नका. युद्धपट, हेरपट, देशभक्तीची भव्य गाथा असा एखादा गंभीर प्रकार निवडा आणि त्याचे सगळे नियम इमानेइतबारे पाळा.

माप ठरवा: एक तृतीयांश

पहिल्या चित्रपटासाठी माणसाच्या एक तृतीयांश आकाराची, म्हणजे ५५ ते ६० सेंटिमीटर उंचीची बाहुली घ्या. २००४ च्या ‘टीम अमेरिका: वर्ल्ड पोलीस’ या अमेरिकी बाहुलीपटातल्या बाहुल्याही सुमारे २२ इंचाच्या होत्या आणि नेपथ्य त्याच प्रमाणात बांधलेलं होतं. याहून लहान बाहुलीचे कपडे पुठ्ठ्यासारखे ताठ दिसतात आणि तिची चाल हवेत उडते. याहून मोठी असेल तर नेपथ्य खोलीत मावत नाही आणि हात अर्ध्या तासात भरून येतात.

एकदा माप ठरलं की प्रत्येक वस्तूला तीनने भागायचं. २१० सेंटिमीटरचं दार ७० चं होतं, ७५ चं टेबल २५ चं, ४५ उंचीची खुर्ची १५ ची. डोकं मात्र याला अपवाद. खऱ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण साडेसातव्या भागाइतकं असतं, बाहुलीचं पाचव्या भागाइतकं ठेवा, म्हणजे ५६ सेंटिमीटरच्या बाहुलीला ११ सेंटिमीटरचं. चेहरा लांबून ओळखू येतो आणि तोंडाच्या यंत्रणेला आत जागा मिळते.

पाणी, आग आणि धूर यांना तीनने भागता येत नाही. बादलीतलं पाणी नदी म्हणून दाखवलं तर ते बादलीतलंच दिसतं. उपाय असा की असे शॉट जास्त फ्रेम-वेगाने घ्यायचे. सेकंदाला नेहमीच्या २४ फ्रेमना, नेपथ्य जितक्या पटीने लहान आहे त्या आकड्याच्या वर्गमुळाने गुणा: एक तृतीयांशाला (३ चं वर्गमूळ) सुमारे ४२ फ्रेम, एक चतुर्थांशाला (४ चं) ४८. कोसळणारा पूल या वेगाने चित्रित केला की त्याला वजन येतं. पाण्याचे किंवा नकली रक्ताचे थेंब मोठे दिसत असतील तर त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब टाका. पृष्ठताण कमी होतो, थेंब बारीक पडतात.

डोकं आणि धड

मातीत चेहरा घडवताना तीनच गोष्टी वाढवा. भुवया, जबडा, केसांचा कोंबडा, जे काही त्या माणसाचं असेल ते. चौथी गोष्ट वाढवली की पहिल्या तीन दिसेनाशा होतात. आणि चेहऱ्यावर हसू कोरू नका. कोरलेलं हसू एकाच प्रसंगाला चालतं. तटस्थ, किंचित दुखावल्यासारखा चेहरा पाचही मिनिटं चालतो, कारण मान झुकवली की तो शरमलेला वाटतो आणि हनुवटी वर केली की उद्दाम. जपानच्या नोह नाट्यातले मुखवटे शेकडो वर्षं याच युक्तीवर चालत आले आहेत: मुखवटा वर कलला की उजळतो, खाली कलला की झाकोळतो.

मातीवरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्या. साच्यात कागदाच्या पट्ट्यांचे सहा-सात थर द्या, एक थर पांढऱ्या कागदाचा, पुढचा वर्तमानपत्राचा, म्हणजे किती थर झाले ते मोजता येतं आणि कुठे जागा सुटली तेही दिसतं. दोन दिवस वाळू द्या. दोन्ही भाग जोडल्यावर डोकं १५० ग्रॅमच्या आत बसलं पाहिजे. ओलसर राहिलेलं डोकं रंगवलं तर दिव्यांच्या उष्णतेने रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि हे नेमकं चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी लक्षात येतं.

बुबुळं किंचित आत आणि किंचित खाली बघणारी असावीत. अगदी सरळ रंगवलेली बुबुळं कॅमेऱ्यात शून्यात बघतात. डोळ्यांवर चकचकीत वॉर्निश आणि बाकी चेहऱ्यावर पूर्ण मॅट रंग द्या. डोळ्यात प्रकाशाचा एक ठिपका चमकला की बाहुली विचार करतेय असं वाटतं. चेहराही चमकला तर ती प्लास्टिकची दिसते.

धडाचे दोन लाकडी भाग करा, छाती आणि कंबर, मध्ये जाड कापडाची पट्टी. कोपराला चामड्याची पट्टी पुरते. गुडघ्याला खाच-जीभ असा सांधा करा, तो एकाच दिशेने वळला पाहिजे, नाहीतर मंत्री चालताना पाय पुढच्या बाजूला मोडतो. वजन खाली हवं: कंबरेत १५० ग्रॅमच्या आसपास, प्रत्येक पावलात ४० ते ५० ग्रॅम. लोखंडी नट-वॉशर वापरा, शिसं नको. कपड्यांसह बाहुली एक किलोच्या आसपास भरली तर ठीक. पाय हलके राहिले की बाहुली नाचते, आणि नाचणाऱ्या मंत्र्याचा आव कोणी खरा मानत नाही.

हात वस्तू धरू शकत नाहीत हे मान्य करून टाका. फीत कापायच्या प्रसंगासाठी कात्री हातालाच शिवलेला दुसरा हात तयार ठेवा आणि शॉट बदलताना हात बदला. कापडासाठी जुने, अनेकदा धुतलेले पातळ कपडे उसवून वापरा आणि कोटाच्या खालच्या दुमडीत बारीक साखळी शिवा. नवं कापड या आकारात पडत नाही, ते उभं राहतं.

नऊ दोऱ्या

दोऱ्या नऊ. खांद्यांना दोन, कानांच्या वर डोक्याला दोन, पाठीला एक, हातांना दोन, गुडघ्यांना दोन. सगळा भार खांद्यांच्या दोऱ्यांवर असतो. डोक्याच्या दोऱ्या फक्त मान हलवतात. बहुतेक नवशिके भार डोक्याच्या दोऱ्यांवर टाकतात आणि मग बाहुलीची मान वळतच नाही, ती फासावर लटकल्यासारखी दिसते.

दोरी म्हणून विणीचा, न ताणणारा, मॅट काळा मासेमारीचा दोरा घ्या. एकपदरी नायलॉन चमकतो, ताणतो आणि रिळावरची वळणं धरून ठेवतो.

बांधण्याचा क्रम असा. कंट्रोल, म्हणजे हातात धरायची लाकडी चौकट, ठरलेल्या उंचीवर खुंटीला टांगा. माणसाच्या बाहुलीला उभा कंट्रोल, प्राण्याला आडवा. बाहुलीखाली पाट सरकवून तिचे तळवे पाटाला जेमतेम टेकतील अशी उंची जमवा. आधी खांद्यांच्या दोऱ्या. पाट काढा: बाहुली सरळ लटकते का? एक खांदा उतरला असेल तर आत्ताच सोडवा, पुढे सगळं त्यावर उभं आहे. मग डोक्याच्या, इतक्याच ताणाच्या की मान सरळ राहील पण खांदे उचलले जाणार नाहीत. मग पाठीची, थोडी सैल. ती ओढून वर घेतली की बाहुली कंबरेत वाकून मुजरा करते, म्हणून राजकीय चित्रपटात या दोरीला फार काम असतं. शेवटी हात आणि गुडघे. गाठी आधी सरकत्या ठेवा, अर्धा तास चालवून बघा, मगच प्रत्येक गाठीवर गोंदाचा थेंब द्या. आधी गोंद लावलात तर प्रत्येक दुरुस्तीला दोरी कापावी लागते.

दोरीची लांबी हा शुद्ध हिशेबाचा भाग आहे. दोरीवरची बाहुली म्हणजे लंबक. एक मीटरच्या लंबकाला एक पूर्ण हेलकावा घ्यायला दोन सेकंद लागतात, दोन मीटरच्याला जवळजवळ २.८ सेकंद. लांब दोरीवर मंत्री थांबला तरी डुलत राहतो. म्हणून पहिल्या चित्रपटात डोक्यापासून कंट्रोलपर्यंत ९० सेंटिमीटर ठेवा.

त्यावरून मंचाची मापं निघतात. नेपथ्याची जमीन खऱ्या जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, सूत्रधारांचा, म्हणजे बाहुल्या चालवणाऱ्यांचा, मंच ७० सेंटिमीटर उंच, मंचाला कंबरेएवढा मजबूत कठडा. मागचा पडदा १३० सेंटिमीटरचा केला की तो कठड्यापर्यंत पोचतो आणि सूत्रधारांचे पाय झाकले जातात. कठड्यावर वाकूनच काम करायचं असतं, त्यामुळे तो दोन माणसांचा भार घेतो का हे आधी तपासा. बाहुलीच्या डोळ्यांची उंची ८० सेंटिमीटरच्या आसपास येते, बुटका ट्रायपॉड पुरतो.

दोऱ्या वरून येतात म्हणून छत नाही आणि दाराला वरची चौकट नाही. दारातून प्रवेश हवाच असेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीला मधोमध फट ठेवा, किंवा दार उघडताना कट करून पात्र आत आलेलं दाखवा.

तोंड आणि आवाज

आवाज आधी रेकॉर्ड करायचा, बाहुली नंतर त्यावर चालवायची. उलटं करू नका. प्रत्येक संवादाच्या आधी एकेक सेकंदाने तीन टिक-टिक टाका, म्हणजे दोन्ही सूत्रधार एकदम सुरू होतात.

तोंडासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, खालच्या जबड्याला दहावी दोरी आणि तोंड मिटवायला रबरी पट्टी. दुसरा, डोक्यात नऊ ग्रॅमचा छोटा सर्वो, म्हणजे हव्या तितक्या कोनात फिरणारी मोटर, आणि रिमोट. सर्वोचा आवाज येतो, पण संवाद आधीच रेकॉर्ड झालेले असल्याने तो प्रश्न उरत नाही. ‘थंडरबर्ड्स’मध्ये डोक्यातल्या विद्युतचुंबकाला रेकॉर्ड केलेल्या संवादाचाच संकेत धातूच्या बारीक तारांमधून दिला जाई आणि ओठ आपोआप हलत. डोकी मोठी ठेवण्याचं ते एक कारण होतं.

यंत्रणा कुठलीही असो, चूक एकच होते: प्रत्येक अक्षराला तोंड उघडणं. बाहुली मग गप्पा मारत नाही, चणे खाते. आपल्या वर्णमालेने हे काम सोपं करून ठेवलं आहे. प, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना तोंड पूर्ण मिटलंच पाहिजे (फ ला खालचा ओठ दातांकडे जातो, अर्धं मिटलं तरी चालतं), आणि आ, ए, ओ या स्वरांना उघडलं पाहिजे. बाकीचं सोडून दिलं तरी डोळा क्षमा करतो. हे वाक्य घ्या: ‘माझा या पुलाशी काहीही संबंध नाही.’ मिटण्याच्या जागा तीन: ‘मा’च्या आधी, ‘पु’च्या आधी, आणि ‘संबंध’मधल्या अनुस्वार-ब च्या जोडीवर. मोठं उघडण्याच्या जागा: माझाचा पहिला आ, पुलाशीतला ला, काहीहीतला का आणि नाहीतला ना. पुलातल्या उ ला जेमतेम चीर. ‘संबंध’वर तोंड नीट मिटलं आणि अर्धा क्षण मिटलेलंच राहिलं, तर मंत्री तो शब्द चावून गिळतोय असं वाटतं. अख्ख्या दृश्याचं हसू त्या अर्ध्या क्षणात आहे. संवादांच्या कागदावर मिटण्याच्या जागा लाल पेनाने खुणावून ठेवा.

अभिनय करणाऱ्याला एकच सूचना द्या: हे गंभीर नाटक आहे असं समजून बोल. आवाज चिरका नको, नक्कल हुबेहूब नको. खऱ्या माणसाची एखादी लकब घ्या, वाक्यामध्ये श्वास घेण्याची जागा किंवा एखादं पालुपद. हुबेहूब नक्कल टाळण्याचं आणखी एक सरळ कारण आहे. चित्रापासून सुटा केलेला आवाज कोणीही खरा म्हणून फिरवू शकतो. संवादाखाली पार्श्वसंगीत ठेवलं तर तो धोका आणखी कमी होतो. संगीत स्वतःचं करून घ्या, गाजलेलं गाणं उचलू नका.

चालवण्याचा सराव

कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी किमान दोन आठवडे रोज अर्धा तास. पहिले चार दिवस फक्त स्थिर उभं राहणं. हे कंटाळवाणं वाटतं, पण स्थिर उभी राहणारी बाहुलीच सत्ताधीश वाटते. नंतर मान: आधी डोळ्यांची दिशा, मग चेहरा, मग खांदे. तिन्ही एकदम वळले की लाकूड दिसतं. मग बसणं. मग पाच पावलं, त्याहून जास्त नाही.

सूत्रधारांनी बाहुलीकडे न बघता मॉनिटरकडे बघून चालवायचं असतं. सूत्रधार बाहुलीच्या पाठीमागे असतो, त्यामुळे त्याचं उजवं मॉनिटरवर डावीकडे दिसतं. पहिले दोन-तीन दिवस डोकं गरगरतं. प्रतिमा उलटी करून बघण्याची पळवाट घेऊ नका, दृष्टीच्या रेषा चुकल्या तर ते कोणाच्याच लक्षात येणार नाही.

तरंगणं आणि रुतणं या दोन मूळ चुका. हात दमला की बाहुली हळूच खाली येते आणि तिचे गुडघे वाकतात. उत्साह वाढला की ती वर जाते. वीस मिनिटांनी सूत्रधार बदला किंवा विश्रांती घ्या. तरंगणारा मंत्री हा विनोद आहे, पण तो ठरवून एकदा केलेला असावा. काम संपलं की बाहुली तशीच टेबलावर टाकू नका. कंट्रोल तीन वेळा गोल फिरवून दोऱ्यांचा एक पीळ करा आणि बाहुली पिशवीत टांगून ठेवा. गुंता झालाच तर गाठ शोधत बसू नका, आधी कंट्रोल टांगा आणि बाहुलीला स्वतःभोवती फिरू द्या, निम्मा गुंता वजनाने सुटतो.

कॅमेरा आणि दिवे

लहान आकाराचं पितळ उघडं पाडते ती धूसर पार्श्वभूमी. एक तृतीयांश नेपथ्यात त्याच लेन्सने तीच चौकट घेतली तर प्रमाणाच्या मानाने फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती, तिपटीने घटते. मोठ्या चित्रपटात एफ २.८ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जसं दिसतं तसं इथे दिसायला एफ ८ लागतो, आणि त्यासाठी सुमारे आठपट प्रकाश. म्हणून दिवे भरपूर, एलईडी, कमी उष्णतेचे. हे परवडत नसेल तर चांगला मोबाइल घ्या. त्याच्या छोट्या सेन्सरमुळे फोकसची खोली आपोआप मिळते, आणि या कामात तो महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरतो. फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, ६० ची असेल तर साठावा, नाहीतर दिवे लुकलुकतात.

कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा जरा खाली. वरून घेतलं की खेळणं दिसतं. हातात धरून चित्रीकरण नको, कारण हाताची थरथरही इथे तिप्पट दिसते.

दोऱ्यांबाबत एकदाच ठरवा. दाखवायच्या तर प्रत्येक शॉटमध्ये दिसू द्या, ‘टीम अमेरिका’ने तेच केलं. लपवायच्या तर मागून येणारा प्रकाश काढा आणि पार्श्वभूमीला उभ्या रेघा द्या. अर्ध्या लपवलेल्या दोऱ्या सगळ्यात वाईट, प्रेक्षक संवाद सोडून त्याच शोधत बसतो.

वाह्यातपणा किती

चावटपणा, शिव्या, रक्त, ओकारी हे सगळं बाहुलीपटात चालतं, माणसांच्या चित्रपटापेक्षा जास्त चालतं. पण त्याला किंमत तेव्हाच असते जेव्हा ते सत्तेच्या कृतीतून बाहेर पडतं. सोज्वळ भाषण करणाऱ्या मंत्र्याच्या तोंडून तिसऱ्या मिनिटाला पहिली शिवी आली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी लागते. पहिल्या मिनिटापासून शिव्या असतील तर तिसऱ्या मिनिटाला त्या ऐकूच येत नाहीत. दोन बाहुल्यांचा शय्याप्रसंग असेल तर तो संगीत, प्रकाश, पडदे सगळं रीतसर घेऊन, पूर्ण गांभीर्याने चित्रित करा. लाकूड लाकडावर आपटल्याचा आवाज पुरेसा आहे.

मात्र बाहुल्या आहेत म्हणून परीक्षण मंडळ सूट देईल असं धरून चालू नका. अमेरिकेत ‘टीम अमेरिका’ला बाहुल्यांच्या शय्याप्रसंगावरून आधी एनसी-१७ हा सर्वांत कडक दर्जा मिळाला आणि प्रसंग कापल्यावर त्याहून सौम्य असा आर दर्जा. त्यामुळे अशा प्रत्येक प्रसंगाचे दोन प्रकार त्याच दिवशी चित्रित करा, एक मोकळा, एक आवरलेला. नंतर नेपथ्य पुन्हा उभं करावं लागत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि फलकावर ‘फक्त प्रौढांसाठी’ ठळक लिहा, कारण बाहुली दिसली की लोक मुलांना घेऊन बसतात.

घाण होणारे शॉट सगळ्यात शेवटी घ्या. ज्या कोटावर रक्त सांडणार त्याच्या तीन प्रती शिवा. फुटणार असेल ते डोकं त्याच साच्यातून वेगळं काढा.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत ‘हसलर’ मासिक विरुद्ध धर्मोपदेशक फॉलवेल या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने, कोणी वस्तुस्थिती म्हणून धरणार नाही अशा सार्वजनिक व्यक्तीच्या विडंबनाला एकमताने संरक्षण दिलं. सगळीकडे तसं नाही. कुठेही उपयोगी पडणारी एक सवय लावून घ्या: चित्रपटातल्या प्रत्येक आरोपापुढे तो कोणत्या जाहीर भाषणातून, अहवालातून किंवा अंदाजपत्रकातून आला ते कागदावर लिहून ठेवा. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो आरोप काढा किंवा पात्र काल्पनिक करा. आणि प्रदर्शनाआधी स्थानिक वकिलाला एकदा दाखवा.

चित्रीकरण आणि संकलन

पाच मिनिटांत ५० ते ६० शॉट बसतात. नवख्या चमूने दिवसाला दहा-बारा धरावेत, म्हणजे पाच दिवस. जवळ ठेवायचं सामान: जादा दोरा, सुया, झटपट चिकटणारा गोंद, कात्री, दोरीची चमक मारायला काळा मार्कर, वस्तू टेबलावर चिकटवायला मेण.

संकलनात तीन सेकंदांनंतर बाहुलीचा शॉट मरू लागतो, कारण ती पापणी हलवत नाही. कट लवकर मारा आणि हेलकावा सुरू होण्याआधी मारा. याला एकच अपवाद राखून ठेवा. ‘काहीही संबंध नाही’ या वाक्यानंतर मंत्र्याच्या तटस्थ चेहऱ्यावर सहा-सात सेकंद थांबा. संगीत बंद. कोणी खोकतं. दूर कुठेतरी पुलाचा आणखी एक तुकडा पाण्यात पडतो. मान एक सेंटिमीटर खाली जाते.

पावलांचे आवाज नंतर टाकायचे, पाऊल टेकतं त्या नेमक्या फ्रेमवर, आणि जड बुटांचे. किलोभर लाकडाला ऐंशी किलोचा माणूस बनवण्याचं निम्मं काम हाच आवाज करतो. दालनाला थोडा घुमारा द्या, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या भिंती मंत्रालयाएवढ्या होतात. आणि जिथे मंत्री ठरवून तरंगणार आहे, तिथे एका पावलाचा आवाज काढून टाका.